कलावंत आणि खेळणी

कवीच्या, चित्रकाराच्या किंवा मूर्तिकाराच्या घरी गेले असता पुस्तकांच्या कपाटावर किंवा लिहिण्याच्या मेजावर एखादा मातीचा बैल, एखादा लाकडी हत्ती किंवा रंग उडालेली एखादी ठकी पुष्कळदा दृष्टीस पडते. घरात लहान मूल नसते आणि तरीही खेळणी असतात. पाहुणे हसतात आणि ‘कलावंताची लहर’ एवढे बोलून तो विषय संपवितात. परंतु या लहरीला इतिहास आहे आणि त्या इतिहासातील एक मोठे प्रकरण आपल्या महाराष्ट्रात घडले आहे. आजच्या भाषणात त्याचाच थोडासा विचार करावयाचा आहे.

खेळणी ही वस्तू जितकी प्राचीन, तितकीच उपेक्षित. सिंधुसंस्कृतीच्या अवशेषांत चाके असलेल्या मातीच्या गाड्या आणि मातीचे बैल विपुल सापडले. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे 1974 साली झाडाचे खोड खणून काढीत असता एका शेतकऱ्यास चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. या वस्तू जड व भरीव असल्यामुळे त्या मुलांच्या खेळण्यासाठी घडविल्या असाव्यात असे म्हणता येत नाही. मिरवणुकीसाठी किंवा पूजेसाठी त्या असाव्यात असाच तज्ज्ञांचा कल आहे. परंतु प्राण्यास चाकांवर उभे करावयाचे आणि ओढीत न्यावयाचे, ही कल्पना मात्र खेळण्यातलीच आहे. देव्हारा आणि खेळघर यांच्यातील भिंत आपल्या देशात नेहमीच पातळ होती, हे यावरून ध्यानी येईल.

आपल्या घरांतील रूढींकडे पाहावे. चैत्रगौरीच्या आराशीत पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, फळे, पशुपक्षी मांडण्याची चाल आहे. पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा होते. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात आणि त्यावर मातीचे मावळे उभे करतात. ही सर्व चित्रे कुंभाराच्या किंवा चिताऱ्याच्या हातची असत, अल्प मोलाने मिळत आणि तुटली की उकिरड्यावर जात. तलवार शस्त्रागारात राहिली, दागिना पेटीत राहिला, दस्तऐवज दप्तरात राहिला. खेळणे मात्र कोणी ठेविले नाही, कारण पुढच्या वर्षी नवे मिळणारच होते. म्हणूनच शेदीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी मुलाच्या हाती नेमके काय होते, हे सांगणे त्याच काळच्या सरदाराच्या कमरेला काय होते हे सांगण्यापेक्षा अवघड जाते.

ही मोडून टाकण्याची रीत तिच्या पूर्ण अर्थाने पाहावयाची असेल तर पेणकडे वळावे. मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशास पेणलगतची रामवाडी लागते. हा सारा मुलूख 1981 पर्यंत कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. आज त्यास रायगड जिल्हा म्हणतात. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे ही भोवतालची गावे गणेशमूर्तींसाठी दूरवर प्रसिद्ध आहेत. एका वर्षीचा उत्सव सरतो न सरतो तोच पुढील वर्षीचे काम हाती घेतले जाते. शाडूची माती मळावयाची, साच्यात दाबून भरावयाची, साच्यातून काढलेले भाग सांधावयाचे, हाताने सफाई करावयाची, वाळवावयाचे, पांढरा हात द्यावयाचा, मग रंग. आणि सर्वांत शेवटी, अनुभवी हाताकडे राखून ठेविलेली डोळ्यांची आखणी. एवढ्या कष्टाने सिद्ध झालेली मूर्ती दीड दिवसात, पाच दिवसांत किंवा अनंतचतुर्दशीला पाण्यात जाते.

आता या कारागिरापाशी मागे काय उरते? उरतो तो साचा आणि उरतो तो नमुना. वडिलांनी किंवा गुरूने घडविलेले मूळ रूप तो जपतो, कारण त्याची सारी विद्या त्यात साठविलेली असते. शहरातील संग्राहकास जो छंद वाटतो, तो मूर्तिकाराच्या घरी धंद्याचा मूलाधार आहे. कलावंत लहान आकृती का जपतो, या प्रश्नाचे पहिले उत्तर येथेच मिळते: ती त्याची स्मृती असते.

याच जिल्ह्याने या गोष्टीचा एक थोर दाखला दिला. अलिबागेजवळील सासवणे गावी 1891 साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. घरी गणपती करण्याची परंपरा होती. बालपणीच बोटांना मातीची ओळख झाली. जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस मुलाची कला पडली आणि त्यांच्या साह्याने तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. पुढे पुण्यातील श्रीशिवाजी मिलिटरी शाळेत 1928 साली उभा राहिलेला छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा याच हातांनी घडविला. करमरकर 1967 साली निवर्तले. सासवण्यातील त्यांचे घर आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. विसर्जनासाठी मूर्ती करणाऱ्या घरातून चिरकाल टिकणारे धातूचे शिल्प जन्मास यावे, यात विरोध भासतो. परंतु तो केवळ भास आहे. प्रचंड पुतळ्याची सुरुवातही हातात मावणाऱ्या मातीच्या नमुन्यापासूनच होते. जे रूप तळहातावर उभे राहात नाही, ते चौथऱ्यावरही उभे राहात नाही.

आता विसाव्या शतकाच्या प्रारंभाकडे येऊ. न्यूरेंबर्ग आणि जर्मनीतील इतर शहरांतून पत्र्याची व सेल्युलॉइडची खेळणी जगभर जाऊ लागली. मागाहून जपानी माल आला. यंत्राने केलेले खेळणे स्वस्त, चकचकीत आणि सर्वत्र सारखे. त्यापुढे गावच्या सुताराचा घोडा टिकेना. नेमक्या याच काळात निरनिराळ्या देशांत कलावंत जुनी खेळणी गोळा करू लागलेले दिसतात. रशियात चित्रकार अलेक्सांद्र बेन्वा याने लोकांची लाकडी व मातीची खेळणी जमविली आणि 1911 साली पॅरिसमध्ये झालेल्या ‘पेत्रूश्का’ या नृत्यनाट्याचे नेपथ्य रचिले. त्या नाट्याचा नायक जत्रेतील एक बाहुलाच आहे. जर्मन लेखक वाल्टर बेन्यामिन हा 1926 च्या अखेरीस मॉस्कोस गेला असता तेथील बाजारांत खेळणी शोधीत हिंडला आणि पुढे त्याने खेळण्यांच्या इतिहासावर निबंध लिहिले. बंगालमध्ये जामिनी रॉय यांनी विलायती धर्तीची चित्रकला सोडून बांकुडा भागातील खेळण्यांचा व पटांचा अभ्यास केला आणि त्यांतून आपली ठसठशीत रेषा घडविली. अवनींद्रनाथ ठाकूर उतारवयात वाकडीतिकडी लाकडे आणि मुळ्या वेचून त्यांतून पशुपक्षी घडवीत. या आकृतींना त्यांनी ‘कुटुम-काटाम’ असे लाडके नाव दिले होते. या सर्वांनी एकमेकांशी मसलत केली नव्हती. एक वस्तू जगातून नाहीशी होत आहे, ही जाणीव त्यांना इतरांच्या आधी झाली, इतकेच.

महाराष्ट्रात ही जाणीव ज्याला झाली तो एक कवी होता. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 1896 चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने त्यांनी कविता लिहिल्या. सन 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. नाद हाच शब्द योग्य, कारण त्यात संगीतही आहे आणि वेडही. राजेरजवाड्यांच्या मौल्यवान वस्तूंकडे धावण्याऐवजी त्यांनी घरातील वस्तू वेचल्या: अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपे, वज्र्या, तपकिरीच्या डब्या, वाद्ये, बाहुल्या, खेळणी. पत्नी कमलाबाई यांचे साह्य होते. दोघांनी मिळून देशभर हिंडून हा संसार जमविला. अन्य संसारात माणसे धान्य भरतात, यांनी वस्तू भरल्या.

या दांपत्याचा राजा नावाचा मुलगा बालवयातच गेला. पुढे संग्रहाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा केळकरांनी आपले नाव दिले नाही, मुलाचे दिले. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावातील ‘राजा’ हा किताब नव्हे. ते एका लहान मुलाचे नाव आहे. दाराशी येणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते. ठाऊक झाल्यावर आतील पाळणे, बाहुल्या आणि चिमुकली भांडी यांकडे पूर्वीच्याच दृष्टीने पाहणे शक्य राहात नाही. हा संग्रह 1975 साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यात आला. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर आहे आणि त्यांतील थोड्याच एका वेळी मांडता येतात. केळकर 1990 साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, निवर्तले.

यावरून खेळण्यांचा संग्रह म्हणजे केवळ दुःखाचा विसावा, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. केळकरांचा नाद पुत्रशोकाने जन्मास घातला असे मानण्याचे कारण नाही; शोकाने त्याला नाव दिले. दिल्लीतील बाहुल्यांच्या संग्रहालयाची हकीकत तर अगदीच निराळी. व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळे यांच्या बालस्पर्धेसाठी हंगेरीच्या राजदूताने पंडित नेहरूंच्या हाती एक बाहुली दिली, तीवरून शंकरांना संग्रहाची कल्पना सुचली आणि 1965 साली ते संग्रहालय उघडले. तेथे आरंभी शोक नाही, निव्वळ आनंद आहे. अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स हे दांपत्य तर खेळण्यांस रचनाशास्त्राचे पाठ्यपुस्तकच मानी. भारत सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी 1958 साली जो अहवाल दिला, त्यात साध्या लोट्याच्या घडणीचे सविस्तर चिंतन आहे. आणि 1969 साली त्यांनी नुसत्या भोवऱ्यांवर एक लहानसा चित्रपट काढिला.

मग या निरनिराळ्या माणसांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते? पहिले, काटकसर. मातीचा बैल करणारा कुंभार वशिंड आणि शिंगे एवढेच देतो आणि बैल पुरा होतो. काय गाळावे हे ज्ञान कलेत सर्वांत कठीण, आणि ते खेळण्यात फुकट मिळते. दुसरे, स्पर्श. चित्र पाहावयाचे असते, खेळणे हाती घेऊन फिरवावयाचे असते. विचार अडला की हात चाळा मागतो. तिसरे, आप्तभाव. खेळण्यावर सही नसते. ज्याचे नाव उरले नाही अशा कारागिराचे काम दुसरा कारागीरच चटकन ओळखतो आणि त्याला आपल्या घरी जागा देतो.

अर्थात या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्वच संग्राहक कलावंत नसतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर या प्राचीन नगरीत मातीच्या बाहुल्या व मूर्ती वेचून एक मोठा ठेवा उभा करणारे रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी होते, आणि त्यांचे नाव आज तेथील संग्रहालयास आहे. शिवाय काचेच्या कपाटातील खेळणे हे अर्धेच खेळणे होय. त्याला मुलाचा हात लागत नाही. आणि सर्वांत गंभीर गोष्ट ही की, संग्रहाने वस्तू राहते, परंतु ती करणारा हात राहतोच असे नाही. पुण्याच्या संग्रहालयात दौत सुरक्षित आहे. दौत करणारा तांबट कोठे आहे, हे ते कपाट सांगू शकत नाही. उलट पेणला वस्तू दरवर्षी पाण्यात जाते आणि हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहतो. आज तेथेही प्रश्न उभा आहे: शाडूची जागा प्लॅस्टरने मोठ्या प्रमाणावर घेतली, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सूचनांनी प्लॅस्टरच्या मूर्तींस मनाई केल्यावर हा वाद न्यायालयापर्यंत गेला. शेकडो घरांचे पोट या निर्णयांवर अवलंबून आहे. साचा कितीही जपला तरी त्यात भरावयाची माती आणि ती घेणारे गिऱ्हाईक नसेल, तर तोही एक दिवस संग्रहालयाची वस्तू होईल.

वस्तू आणि हात ही दोन्ही एकत्र राखण्याचे उदाहरण कोकणातच सापडते. कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाची चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. तेथील परशुराम गंगावणे यांनी 2006 साली आपल्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे संग्राहक आणि खेळ करणारा हे दोघे एकच आहेत. खुंटीवरची बाहुली उतरविली की ती पुन्हा नाचू शकते. सावंतवाडीच्या राजघराण्यानेही मावळू लागलेल्या गंजिफेच्या कलेस राजवाड्यातच आश्रय देऊन तिचे काम पुन्हा चालते केले. संग्रहाची उत्तम रीत ही होय.

श्रोतेहो, संग्रहालय उभारणे सर्वांच्या आवाक्यातील नव्हे. परंतु माळ्यावरच्या पेटीत आजीची ठकी किंवा सावंतवाडीची लाकडी फळे असतील, तर ती मोडीत घालण्यापूर्वी एवढे करता येईल: एका कागदावर ती कोणाची, कोठे घेतली, आणि ठाऊक असल्यास कोणाच्या हातची, हे लिहून कागद तिच्यासोबत ठेवावा. आणि येत्या गणेशचतुर्थीला मूर्ती घरी आणताना ती घडविणाऱ्याचे नावही विचारून घ्यावे. मूर्ती पाण्यात जाईल. नाव तरी घरात राहील.