वकिलातीतलं घर आणि सातबारावरचं नाव

आमच्या दर्यापुरात ‘वकील’ म्हटलं की काळा कोट आणि तालुक्याचं कोर्ट डोळ्यापुढे येतं. पण जुन्या मराठी कागदांतला वकील वेगळा. तो एका दरबाराचा माणूस, दुसऱ्या दरबारात राहणारा. तिथलं बोलणं ऐकायचं, आपलं म्हणणं मांडायचं आणि घरी पत्रं लिहायची, हे त्याचं काम. ‘वकिलात’ हा शब्द त्यातूनच आला.

हे काम आमच्यापासून फार लांब घडलेलं नाही. शेजारच्या तालुक्यात, अंजनगाव सुर्जीला, ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. त्याआधी १५ तारखेला गाविलगड पडला होता आणि १७ तारखेला देवगावला नागपूरकर भोसल्यांनी तह करून वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला होता. तो निजामाकडे गेला. म्हणजे पंधरवड्याच्या वाटाघाटींत आमच्या पणज्यांच्या पणज्यांचं सरकार बदललं. इंग्रजांच्या बाजूने बोलणारा आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून गाजला. त्याच्यासोबत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा चोविशीतला तरुण होता. तो १८०४ मध्ये नागपूरला इंग्रजांचा रेसिडेंट झाला.

एल्फिन्स्टनच्या दिवसाची कल्पना त्याच्या रोजनिशीमुळे येते. दरबारातल्या बातम्या जमवायच्या, कलकत्त्याला खलिते धाडायचे आणि उरलेल्या वेळात घोडदौड, शिकार, ग्रीक आणि फारसी ग्रंथ. त्याने जन्मभर लग्न केलं नाही. घर चाकरमाणसं चालवत. राजनैतिक काम हे एकट्या पुरुषाचं काम, ही समजूत तेव्हापासूनची. पुढे वकिलाबरोबर त्याची बायकोही परदेशी राहू लागली, तिच्यावर कामंही आली, पण समजूत तशीच राहिली. मला या इतिहासात रस आहे तो याच कारणाने.

वऱ्हाडातून परदेशी प्रतिनिधी म्हणून गेलेली दोन नावं आजच्या मुलांना फारशी माहीत नसतात. एक वणीचे लोकनायक बापूजी अणे. १९४३ ते १९४७ या काळात ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी होते. दुसरे अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख. १९३८ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळाचं जे गाजलेलं राजीनामा-प्रकरण झालं, त्यात खऱ्यांसोबत राजीनामा देणाऱ्यांपैकी ते एक. १९४५ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत भारताचे हायकमिशनर झाले.

ती नेमणूक मानाची, पण काचणारी. देशाचा कारभार प्रिटोरियात, संसद केपटाउनला. त्यामुळे संसदेच्या अधिवेशनाबरोबर परदेशी प्रतिनिधींनाही मुक्काम हलवावा लागे. रंगावरून माणसाची जागा ठरवणाऱ्या त्या देशात हिंदी प्रतिनिधीचं राहतं घर हीच खरी कचेरी. गोऱ्या मंत्र्याला चहाला बोलवायचं ते तिथेच, आणि डर्बनच्या व्यापाऱ्याचं गाऱ्हाणं ऐकायचं तेही तिथेच. अशा घरात यजमानीण नुसती चहा देत नाही. कोण कोणाशेजारी बसणार, हे ती ठरवते, आणि त्या देशात हा प्रश्न राजकारणाचाच होता.

देशमुखांच्या आधी तिथे असलेले सर सय्यद रझा अली यांच्या बाबतीत तर खुद्द लग्नच राजकारण झालं. १९३६ मध्ये त्यांनी किंबर्लीच्या एका हिंदू कुटुंबातल्या पोन्नू वेलू सामी यांच्याशी विवाह केला आणि तिथल्या हिंदी समाजात वादळ उठलं. नाताळ इंडियन काँग्रेसमधल्या काही पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. प्रतिनिधीचं घर खासगी नसतं, हे त्या जोडप्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार.

देशमुखांची मुदत पुरी झाली नाही. हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर आणि वास्तव्यावर बंधनं घालणारा कायदा १९४६ मध्ये आला. भारताने व्यापार तोडला, हायकमिशनरना परत बोलावलं आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नेली. म्हणजे वर्णभेदाविरुद्धच्या जागतिक लढ्याच्या पहिल्या पानांवर अमरावतीच्या एका माणसाचं नाव आहे.

स्वातंत्र्यानंतरचं मराठी जोडपं म्हणून मला अप्पासाहेब आणि नलिनी पंत महत्त्वाचे वाटतात. अप्पासाहेब औंधच्या राजाचे पुत्र, जन्म १९१२, ऑक्सफर्डला शिकलेले. नलिनीताई डॉक्टर, तेही एफआरसीएस, म्हणजे शल्यचिकित्सेतली त्या काळची मोठी पदवी मिळवलेल्या. त्यांची मुलगी अदिती १९४३ मध्ये आमच्या विदर्भात, नागपूरला जन्मली.

१९४८ मध्ये हे कुटुंब नैरोबीला गेलं. अप्पासाहेब ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतले भारताचे कमिशनर. केनिया ही गोऱ्यांची वसाहत. हॉटेलं, क्लब, वस्त्या रंगाप्रमाणे वाटलेल्या. पंतांच्या घरी मात्र आफ्रिकी पुढारी जेवायला येत. जोमो केन्याटांशी त्यांची मैत्री होती. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात, यासाठी त्यांनी खटपट केली. वसाहत सरकारला हे सगळं खुपत होतं. ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी आली, केन्याटा तुरुंगात गेले आणि १९५४ मध्ये पंतांची तिथली कारकीर्द संपली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढची यादी अशी: १९५५ पासून गंगटोक, १९६१ मध्ये इंडोनेशिया, मग नॉर्वे, इजिप्त, १९६९ मध्ये लंडन आणि शेवटी इटली. सत्तावीस वर्षांत सात बिऱ्हाडं. मुलांच्या शाळा बदलल्या, भाषा बदलल्या, हवामान बदललं. आपल्याकडे बदलीच्या नोकरीतल्या मास्तरांची बायको जे करते, तेच इथे खंड ओलांडून करायचं.

फुरसतही अशा घरात कामातच मिसळलेली. अप्पासाहेब सूर्यनमस्कार घालत. औंधच्या राजाने, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, सूर्यनमस्कारांचा जगभर प्रसार केला होता. मुलानेही १९७० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. गंगटोकच्या रेसिडेन्सीला मोठी बाग होती, समोर कांचनजंगा. पण तिथली सहलसुद्धा सरकारी. सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू नथु लामार्गे तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले, तेव्हा अप्पासाहेब सोबत होते. मोटारीचा रस्ता नव्हता, घोड्यांवरून आणि याकांवरून प्रवास. वाचायला रम्य वाटतं, पण दुसऱ्या अर्थी ती पंतप्रधानांबरोबरची अनेक दिवसांची ड्युटीच होती.

आणि कधी घराबाहेरचा जमाव दारावर येतो. ‘मैदान’ हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर १९६२ चे जकार्ता एशियाड आठवेल. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, म्हणून भारताच्या गुरुदत्त सोंधींनी आक्षेप घेतला आणि इंडोनेशियात संताप उसळला. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी आपल्या संघाने हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकांसमोर दक्षिण कोरियाला २-१ ने हरवलं. तेव्हा तिथे राजदूत अप्पासाहेब पंतच होते. फुटबॉलचं सुवर्ण इतिहासात लिहिलं गेलं. त्या दिवसांत वकिलातीतल्या कुटुंबांनी घर कसं सांभाळलं, हे पदकतालिकेत येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या सातही नेमणुकांपुढे नाव एकच आहे. शल्यविशारद बाईला मात्र देश बदलला की तिथला परवाना नव्याने मिळवावा लागतो. राजदूताने यजमान देशात स्वतःच्या फायद्यासाठी व्यवसाय करू नये, असं १९६१ चा व्हिएन्ना करार सांगतो. जोडीदाराच्या नोकरीसाठी बहुधा दोन देशांत वेगळा समझोता लागतो. मग पाहुण्यांची यादी, स्वयंपाकघर, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचे समारंभ, हे काम तिच्याकडे येतं. त्याला पगार नाही.

त्याच १९६१ मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेच्या नियमांत लिहिलं गेलं की, सेवेतल्या स्त्रीने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांतला स्त्री-पुरुष भेद स्पष्ट शब्दांत दाखवून दिला. हिशेब बघा: पुरुष राजदूत असेल तर संसार त्याची शक्ती, बाई राजदूत असेल तर तोच संसार तिचा अडथळा. याचा अर्थ सरकारला घरातलं काम दिसत होतं, त्याची किंमतही कळत होती. फक्त ते कुणाच्या नावावर मांडायचं, एवढंच ठरलेलं होतं.

वऱ्हाडातल्या वाचकाला हे समजवून सांगावं लागू नये. कपाशीचं निंदण, वेचणी, सरकी टोबणं बाई करते, आणि सातबारावर नाव नवऱ्याचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली ती यासाठीच: जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा, तेव्हाच तिचे श्रम कागदावर येतील. गंगटोकच्या रेसिडेन्सीचा आणि खारपाणपट्ट्यातल्या चार एकरांचा काही संबंध नाही असं वाटतं. पण दोन्हीकडे काम दोघांचं आणि खातं एकाचं.

पंतांची अदिती सागरशास्त्रज्ञ झाली. १९८३-८४ च्या मोहिमेत ती आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची नोंद आहे, आणि ती नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने आहे.

आज दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरची मुलं-मुली अमरावतीच्या अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यातली एखादी उद्या परराष्ट्र सेवेत जाईल, कुठल्या तरी राजधानीत घर मांडेल. त्या घरात पाहुण्यांना चहा कोण देणार, बदली झाली तर नोकरी कोण सोडणार, या प्रश्नांची उत्तरं मुलाखतीत विचारली जात नाहीत. ती आधी आपल्या घरातच ठरवावी लागतील, आणि दोघांनी बसून ठरवावी लागतील. वाटाघाट म्हणतात ती हीच.