भाव आणि लाभांश : मुंबईच्या इतिहासातला एक धडा

लाभांश देणाऱ्या कंपनीचा शेअर घ्यावा आणि वर्षानुवर्षं सांभाळावा, हा सल्ला आपण नेहमी ऐकतो. सल्ला चांगला आहे. पण तो का चांगला आहे आणि कुठवर चांगला आहे, हे समजायचं तर मुंबईच्या इतिहासात थोडं मागे जावं लागेल.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्यातून बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा शेअर भरलेल्या रकमेच्या कितीतरी पट भावाने विकला जाऊ लागला. आता विचार करा, घेणारा नेमकं काय घेत होता? जमीन अजून पाण्याखालीच होती. आपल्यानंतर कुणीतरी याहून जास्त पैसे देईल, एवढाच त्याचा हिशोब. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं, कापसाचे भाव कोसळले. १ जुलैला वायद्याचे मोठे सौदे पुरे करायचे होते, तेव्हा भल्याभल्यांनी हात वर केले. बँक ऑफ बॉम्बेचा कारभारही १८६८ साली गुंडाळावा लागला.

या पडझडीची झळ टाटांच्या पेढीलाही बसली. तरुण जमशेटजी तेव्हा कापसाच्या व्यवहारासाठी लंडनमध्ये होते. पुढे १८७४ साली त्यांनी कंपनी काढली ती गिरणीसाठी, आणि जागा निवडली नागपूर, कारण कापूस तिथे जवळ पिकत होता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. पहिली यंत्रसामग्री हलकी निघाली, ती बदलावी लागली. पण एकदा बस्तान बसल्यावर या गिरणीने अनेक दशकं भागधारकांना चांगला लाभांश दिला.

शेताचं उदाहरण घ्या. आपल्या जमिनीला आज काय भाव आलाय, हे एक जण रोज चावडीवर विचारतो. दुसरा दरसाल पीक घरात आणतो. लाभांश म्हणजे पीक. त्यातलं बियाणं पुन्हा पेरलं तर गणितही सोपं आहे: दरसाल ६ टक्के लाभांश मिळाला आणि तो त्याच दराने पुन्हा गुंतवत गेलो, तर साधारण १२ वर्षांत रक्कम दुप्पट होते, २४ वर्षांत चौपट. पहिल्या दोन-चार वर्षांत काही दिसत नाही, म्हणूनच माणसं कंटाळतात.

पण दुष्काळही येतो. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीचं भांडवल मुंबईत तीन आठवड्यांत उभं राहिलं. सुमारे ८,००० हिंदी लोकांनी पैसे घातले. जमशेटजी त्याआधीच, १९०४ साली, वारले होते. पोलाद प्रत्यक्ष निघालं १९१२ मध्ये. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी पोलाद स्वस्त झालं आणि कंपनी बुडायला आली. १९२४ साली दोराबजींनी स्वतःची मालमत्ता गहाण टाकली. त्याच वर्षी सरकारने संरक्षक जकात लावली. साध्या भागधारकांना मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं लाभांशाचं तोंड दिसलं नाही.

ते थांबले, हे शहाणपण की हट्ट? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आमच्या मते उत्तर भट्टीत आहे. भट्टी चालू होती, मालाला देशात गिऱ्हाईक होतं, चालवणाऱ्यांनी स्वतःचं पणाला लावलं होतं. म्हणून थांबण्याला आधार होता.

उलट, तीच एम्प्रेस मिल पाहा. १९८६ साली ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. ‘आजोबांपासून लाभांश येतोय’ एवढ्यावर विसंबणाऱ्याला हा इतिहास सावध करतो.

तेव्हा धीर धरायचा म्हणजे डोळे मिटून बसायचं नाही. भाव रोज पाहू नये, पण काम वर्षातून एकदा जरूर पाहावं. अहवाल उघडावा आणि विचारावं: कंपनी कमावते कशातून? लाभांश नफ्यातून देते की कर्ज काढून? तिच्या मालाची लोकांना उद्या गरज राहील का? उत्तरं समाधानकारक असतील, तर बाजार पडला तरी खुशाल बसावं. नसतील, तर वीस वर्षं सांभाळलेला शेअरही विकायला संकोच करू नये.