राजगुरूंचा नेम

वाराणसीच्या मुक्कामात एकदा पोलिसांच्या फायरिंग रेंजवर जाणे झाले. उजव्या हाताचा सराव आटोपला की जवान पिस्तूल डाव्या हातात घेत. एक हात जायबंदी झाला तरी दुसऱ्याने निभावावे, हा हेतू. अशा सरावाला काडतुसे मात्र मुबलक लागतात.

पुण्याजवळच्या खेडचे शिवराम हरी राजगुरू संस्कृत शिकण्यासाठी याच काशीत आले आणि इथेच क्रांतिकारकांत सामील झाले. त्यांचा नेम साथीदारांत नावाजलेला होता. परंतु १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याविना पिस्तूल बाळगणे हाच गुन्हा. सरावात उडवलेली प्रत्येक गोळी (अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो) प्रत्यक्ष कृतीच्या शिलकीतून वजा. चंद्रशेखर आझाद सरावासाठी ओरछाच्या जंगलाचा आश्रय घेत.

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात राजगुरूंची पहिलीच गोळी लागली. पडला मात्र साँडर्स. लाला लजपतरायांवरील लाठीमाराबद्दल मारायचे होते ते स्कॉटला. पाळतीवरच्या जयगोपालने साँडर्सलाच स्कॉट समजून इशारा केला होता. माझ्या मते ही चूक नेमबाजाची नव्हे, माहिती पुरवणाऱ्याची. हाच जयगोपाल पुढे माफीचा साक्षीदार झाला आणि २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग व सुखदेव यांच्यासह राजगुरू फासावर गेले.