उसनें नांव

एखाद्या गायिकेचे प्राण तिच्या कुळनोंदीच्या कागदावर अवलंबून राहावेत, ही गोष्ट कादंबरींतच शोभावयाची. परंतु १९४६ सालीं शांघाय येथें ती खरोखरच घडली.

योशिको यामागुची १९२० सालीं मांचुरियांत जन्मली. आईबाप जपानी, मुलगी मात्र चिनी भाषा अस्खलित बोले. छातीच्या दुखण्यावर उपाय म्हणून ती मुकदेनला पाश्चात्त्य गायन शिकूं लागली. १९३३ सालीं तेथील नभोवाणीला चिनी गाणीं म्हणणारी, पण जपानीहि जाणणारी मुलगी हवी होती. वडिलांच्या एका चिनी सेनापति-मित्रानें तिला मानसकन्या मानून ली शियांगलान हें नांव दिलें होतें. त्याच नांवानें ती गाऊं लागली. ऐकणारांस ती चिनीच वाटली, आणि ती समजूत दूर करण्याची निकड कोणासच भासली नाहीं.

१९३८ सालीं मांचुकुओच्या चित्रपटसंस्थेनें तिला पडद्यावर आणलें. संस्थेचे सूत्रधार जपानी होते, हें सांगावयास नकोच. १९४० च्या ‘चीनच्या रात्री’ या बोलपटांत एक जपानी नाविक अनाथ चिनी मुलीच्या थोबाडींत मारतो, आणि ती त्याच्यावर अनुरक्त होते! जपानी प्रेक्षकांस यांत प्रेम दिसलें, चिनी प्रेक्षकांस अपमान. त्या एका चपराकेंत प्रचाराचें सारें शास्त्र उघडें पडलें आहे, असें मला वाटतें. टोकियोंत मात्र १९४१ च्या फेब्रुवारींत तिच्या गायनासाठीं लोटलेल्या गर्दीनें निचिगेकी नाट्यगृहास अक्षरशः वेढा घातला.

युद्ध संपतांच चीनमध्यें तिला देशद्रोही म्हणून धरण्यांत आलें. जपानी स्त्री चीनचा द्रोह कसा करील? पण जपानी असल्याचा पुरावा कोठून आणावा? उसनें नांव आतां गळ्याशीं आलें होतें. अखेर बालपणच्या एका रशियन मैत्रिणीच्या साहाय्यानें पेकिंगहून कुळनोंदीचा उतारा आला, तोहि एका बाहुलींत दडवून! ती सुटली. जपानी घरांत वाढलेल्या मांचू राजकन्येला, योशिको कावाशिमाला, असा कागद दाखवितां आला नाहीं. १९४८ सालीं तिला देहांत शासन झालें.

पुढें कुरोसावांचा ‘स्कँडल’ (१९५०), मग हॉलिवुडमध्यें शर्ली हें तिसरें नांव, आणि १९५८ सालीं चित्रसंन्यास. १९७४ पासून अठरा वर्षें त्या जपानच्या वरिष्ठ सभागृहांत होत्या. पंतप्रधानांनीं यासुकुनी देवालयास जाऊं नये, त्यानें चिनी जनतेच्या जखमा उकलतात, असें त्यांनीं २००५ सालीं जाहीरपणें बजावलें. तेव्हां त्यांचें वय पंचाऐंशी होतें, आणि सही यामागुची कुळाच्या नव्हे, पतीच्या ओताका या नांवाची पडत असे. २०१४ सालीं त्या निवर्तल्या.