मोटरबोटीचा इग्निशन स्विच

इग्निशन स्विच हा मोटरबोटीचे इंजिन चालू व बंद करणारा किल्लीचा स्विच होय. देगलूर परिसरातील लेंडी व मांजरा किंवा नांदेडची गोदावरी अशा नद्यांच्या पुरात बचावकार्याला लागणाऱ्या छोट्या बोटींना मागे टांगलेले पेट्रोल इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, असते. दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान इंजिनांना बहुधा किल्ली नसते. थांबवण्याचे बटण व चालकाच्या अंगाला अडकवायची सुरक्षा-दोरी एवढेच असते.

मोटारगाडीच्या अनुभवावरून येथे तर्क केल्यास फसगत होते. गाडीचा स्विच ठिणगीसाठी वीज पुरवतो. पुष्कळ आउटबोर्ड इंजिनांत मात्र ही वीज फिरत्या चाकातील चुंबकांमुळे निर्माण होते आणि ‘बंद’ स्थितीतील स्विच तिला अर्थ करून ठिणगी मारतो. म्हणून थांबवण्याची तार तुटल्यास इंजिन बंदच होत नाही. उलट गंज वा घासलेल्या आवरणामुळे तीच तार अर्थ झाल्यास इंजिन फिरते, पण पेटत नाही.

इंजिन फिरतच नसेल, तर गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून १२ व्होल्टची बॅटरी, तिची टोके व फ्यूज तपासावेत. फिरूनही पेटत नसल्यास आधी सुरक्षा-दोरीची क्लिप पाहावी. पुष्कळदा ती निसटलेली असते. त्यानंतर थांबवण्याची तार इंजिनापाशी सोडवून, पेट्रोलच्या वाफेपासून दूर, प्लगची ठिणगी पाहावी. ठिणगी आल्यास दोष स्विचमध्ये किंवा तारेत आहे. तार सोडलेली असताना किल्लीने इंजिन थांबत नाही आणि सुरक्षा-दोरीही बहुधा निकामी होते. चालक पाण्यात पडला तरी बोट चालतच राहते. म्हणून तार पुन्हा जोडल्याखेरीज बोट पाण्यात नेऊ नये.