संवाहक बहुवारिके (ऊर्जासंचयनातील)

विजेचे वहन करू शकणारी कार्बनी बहुवारिके. पॉलिअ‍ॅनिलीन, पॉलिपायरोल व पॉलिथायोफीन ही यांतील प्रमुख होत. विद्युत् घट, महाधारित्रे व संवेदके यांत ती विद्युत् अग्रे म्हणून वापरतात.

इतिहास : आयोडिनाची प्रक्रिया केल्यास पॉलिअ‍ॅसिटिलिनाची संवाहकता प्रचंड वाढते, हे हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅक्‌डायर्मिड व अ‍ॅलन हीगर यांनी १९७७ मध्ये दाखवले. या संशोधनाबद्दल त्यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कार्यपद्धती : या बहुवारिकांच्या साखळीत एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून असतात. ऑक्सिडीभवन झाले की साखळीवर धन भार येतो व तो संतुलित करण्यासाठी विद्युत् विच्छेद्यातील ऋण आयन आत शिरतात. क्षपण झाले की ते बाहेर पडतात. या ये-जा करण्यातूनच भार साठतो व परत मिळतो.

निर्मिती : पॉलिअ‍ॅनिलीन स्वस्त आहे व सहज तयार होते. अम्लातील थंड अ‍ॅनिलिनात अमोनियम परसल्फेट घातले की गडद हिरवे संवाहक चूर्ण मिळते. विद्युत् रासायनिक पद्धतीने त्याचे पटल थेट अग्रावर चढवता येते.

मर्यादा व उपाय : आयनांच्या ये-जा करण्याने बहुवारिक वारंवार फुगते व आक्रसते. त्यामुळे त्याला तडे जातात व क्षमता घटते. मँगनीज डाय-ऑक्साइड भार चांगला साठवते, पण त्यातून वीज कमी वाहते. दोहोंच्या संमिश्रात बहुवारिक विजेला वाट देते व ऑक्साइड साठवणक्षमता वाढवते. कार्बनाची जोड दिल्यास अग्र अधिक टिकते.

प्रादेशिक संदर्भ : बालाघाट जिल्ह्यातील भरवेलीची भूमिगत खाण व लगतच्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गची खाण मँगनिजासाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही खाणी नागपूरस्थित मॉइल कंपनीच्या असून, डोंगरी बुजुर्ग येथे शुष्क घटांसाठी विद्युत् विच्छेदनी मँगनीज डाय-ऑक्साइड तयार करण्यात आले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूंची ऑक्साइडे आणि संवाहक बहुवारिके यांची पातळ पटले साध्या रासायनिक पद्धतींनी तयार करून महाधारित्रांसाठी अभ्यासली. निर्वात यंत्रणेवाचून होणारे हे काम मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळांनाही शक्य असते, हे त्याचे मोठे महत्त्व होय. खनिज आणि संशोधन या दोन्ही बाबी मराठी मुलखाच्या आवाक्यात असल्याने अशी संमिश्रे विकसित करण्यास येथे चांगला पाया आहे.