घरच्या संगणकाला मालवेअरपासून कसे जपावे

शिष्यवृत्तीचा अर्ज, पीएम-किसानची ई-केवायसी, रेशनकार्डातील दुरुस्ती, उत्पन्नाच्या दाखल्याची मागणी अशी अनेक कामे आता घरच्या संगणकावर होतात. त्यामुळे त्याच संगणकात आधार, पासबुक, जातीचा दाखला, सही आणि फोटो यांच्या प्रती साठत जातात. ज्या खात्यात योजनेचे पैसे थेट जमा होतात, त्याचा पासवर्डही बहुधा तिथेच टाइप केला जातो. असा संगणक मालवेअरच्या तावडीत सापडला, तर हप्ताही जाऊ शकतो आणि कागदपत्रांचा गैरवापरही होऊ शकतो. हे टाळण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. पुढील सवयी लावून घेतल्या तरी बराचसा धोका टळतो.

मालवेअर म्हणजे काय?

नुकसान करण्याच्या हेतूने बनवलेल्या सॉफ्टवेअरला मालवेअर म्हणतात. त्याचे काही प्रकार असे :

• व्हायरस आणि वर्म : एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये किंवा एका संगणकातून दुसऱ्या संगणकात पसरतात.
• ट्रोजन : उपयोगी प्रोग्राम असल्याचे भासवून आत शिरतो.
• कीलॉगर : तुम्ही टाइप केलेली अक्षरे, म्हणजे पासवर्डसुद्धा, गुपचूप नोंदवून बाहेर पाठवतो.
• रॅन्समवेअर : फाइलींना कुलूप लावतो आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागतो.

यांपैकी बहुतेकांना आत येण्यासाठी कोणीतरी दार उघडावे लागते. म्हणूनच सवयींना महत्त्व आहे.

१. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा

योजनेच्या नावाने आलेल्या लिंकवरून अर्जाकडे जाऊ नका. केंद्र व राज्य सरकारची बहुतेक संकेतस्थळे ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ यांवर संपतात. नुसते पत्त्यात ‘जीओव्ही’ किंवा ‘किसान’ हे शब्द दिसले म्हणून विश्वास ठेवू नका. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी पत्ता कशाने संपतो, ते पाहा. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह म्हणजे सरकारी शिक्का नव्हे. मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. बनावट संकेतस्थळालाही ते चिन्ह मिळू शकते.

२. फाइलचे ‘आडनाव’ वाचा

प्रत्येक फाइलच्या नावाशेवटी, टिंबानंतर, तिचा प्रकार लिहिलेला असतो. विंडोजमध्ये तो सहसा लपलेला असतो. त्यामुळे ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘पावती.पीडीएफ’ अशी दिसते. ती उघडली की पावतीऐवजी प्रोग्राम चालू होतो. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय चालू करा. पावती, यादी किंवा मंजुरीपत्र म्हणून आलेल्या फाइलचा शेवट ‘ईएक्सई’, ‘एससीआर’, ‘बीएटी’ किंवा ‘व्हीबीएस’ असा असेल, तर ती उघडू नका. वर्ड किंवा एक्सेलची अनोळखी फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगत असेल, तर ते दाबू नका.

३. पेनड्राइव्ह जपून वापरा

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत पेनड्राइव्ह अनेक संगणकांना लागतो. तिथून येणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ ओळखीचा आहे. तो मूळ फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केले की फोल्डर उघडतो, पण त्याच वेळी मालवेअरही चालू होते. म्हणून कोणाला शंका येत नाही.

• पेनड्राइव्ह लावल्यावर आधी त्यावर राइट-क्लिक करून स्कॅन करा, मगच उघडा.
• फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला, तर क्लिक करू नका.
• घाबरून लगेच फॉरमॅट करू नका. मूळ फाइली बहुधा लपवलेल्या असतात, पुसलेल्या नसतात.
• छपाईसाठी फक्त लागणारी कागदपत्रे असलेला वेगळा पेनड्राइव्ह ठेवा.

४. अपडेट लांबणीवर टाकू नका

१२ मे २०१७ पासून जगभर पसरलेले वॉनाक्राय हे रॅन्समवेअर विंडोजमधील एका त्रुटीतून शिरत होते. तेव्हा सपोर्ट चालू असलेल्या विंडोजसाठी त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली, त्यांच्या संगणकांचे ते दार बंद झाले होते.

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना संगणक विकत घेताना त्यावर कोणती विंडोज आहे आणि तिला अपडेट मिळतात का, हे विचारा. नवी विंडोज त्यावर चालत नसेल, तर लिनक्ससारखी मोफत प्रणाली टाकता येते. दुकानदाराने फुकट टाकून दिलेले ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर घेऊ नका. क्रॅक चालवण्यासाठी बऱ्याचदा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि ट्रोजनला तेवढी संधी पुरते.

५. घरातल्यांसाठी वेगळी खाती ठेवा

ॲडमिनिस्ट्रेटर खाते फक्त सॉफ्टवेअर टाकण्यासाठी वापरा. रोजच्या कामासाठी आणि मुलांसाठी साधे ‘स्टँडर्ड’ खाते उघडा. मुलाने खेळाच्या नादात काही डाउनलोड केले, तरी संपूर्ण संगणकात बदल करण्यापूर्वी पासवर्ड मागितला जाईल.

विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीच असतो. तो चालू ठेवा. ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश ब्राउझरमध्ये आला, तर फोन करू नका. ती खिडकी बंद करा. कोणाच्या सांगण्यावरून दुरून संगणक चालवण्याचे ॲप घेऊ नका.

६. कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवा

महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि काम झाल्यावर डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावते. डिजिलॉकरमध्ये संबंधित विभागाने थेट दिलेली कागदपत्रे नियमांनुसार मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानली जातात. सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड केले असेल, तर निघण्यापूर्वी ते पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा.

मोबाइलबाबत

ओटीपी मोबाइलवर येतो. म्हणून व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाने आलेली ‘एपीके’ फाइल कधीही इन्स्टॉल करू नका. तिला एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली, तर तुमचा ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातो.

शंका आली तर काय करावे?

१. इंटरनेट ताबडतोब बंद करा.
२. दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून बँक व ई-मेलचे पासवर्ड बदला.
३. पैसे गेले असतील, तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावरही नोंदवता येते. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढे गेलेली रक्कम रोखता येण्याची शक्यता जास्त.
४. तक्रार क्रमांक, संदेश आणि स्क्रीनचे फोटो जपून ठेवा.
५. संगणक पूर्ण स्कॅन करा. सर्ट-इनच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या ‘सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर मालवेअर काढण्याची साधने मोफत मिळतात.
६. खंडणी भरू नका. पैसे दिले तरी फाइली परत मिळतील याची खात्री नसते.

फसवणूक झाली म्हणून लाजू नका आणि घरात लपवू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे व्यवहार झाला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. त्यामुळे कळवायला लावलेला प्रत्येक तास तुमच्याच खात्यातून जातो.